दातातली कीड, डोळ्याची नस

माझ्या तोंडातले किडे मी आठ वर्षांची असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दाढ ठणकत होती, म्हणून मायनं परातीत पाणी घेतलं, मधोमध विटेचा तुकडा ठेवला, त्यावर लाल तापवलेलं लोखंड आणि लोखंडावर तेलात कालवलेलं काटेरी रिंगणीचं बी. वर भोकाची करवंटी पालथी घातली. त्या भोकातून येणारा धूर मी तोंडात घ्यायचा. नाकाडोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळेची तार गळू लागली. थोड्या वेळानं मायनं करवंटी उचलली, म्हणाली, "बघ, पडले." परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगत होते. मी त्याच परातीत ओकले.

दाढेचं दुखणं थांबलं का नाही, ते आठवत नाही. माझ्या तोंडाची किळस मात्र राहिली. दुसऱ्याच्या तांब्याला मी कधी तोंड लावलं नाही. लेक झाली तेव्हा सगळ्या बाया तिच्या गालाचे मुके घ्यायच्या, मी नुसतं डोक्याला नाक लावायची. माझ्या तोंडातलं काही तिच्या अंगावर जाईल, असं वाटायचं.

सातवीत शाळा सुटली. पुढं नवरा गेला आणि लेकीला मायपाशी ठेवून मी परभणीकडून इकडं बोईसरला आले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात मला तपासणीच्या टेबलावर घेतलं. तिरक्या काचेवरून पांढरं कापड सरकत जातं, खालून ट्यूबलाइट असते, आणि आपण तुटलेली तार म्हणजे धागा, गाठ, तेलाचा डाग हेरायचा. हे काम डोळ्यांचं. शिक्षण नसलेल्या बाईला बसून करायचं काम मिळालं, हे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच डोळ्यांची भीती मला सगळ्यात जास्त. डोळा अधू झाला तर टेबल गेलं, टेबल गेलं तर लेकीची शाळा गेली.

राहायला जवळच समुद्रकाठच्या नवापूर गावात एका मावशीची खोली मिळाली. मावशी सुकी मासळी विकते. पहिले चार महिने मला तिच्या अंगणाची शिसारी यायची. बांबूंवर बोंबील वाळत, त्यावर माश्यांचा थर, आणि वारा फिरला की वसाहतीकडचा तो औषधी, कुजका वास. जेवताना मी ओढणी नाकाला बांधून घास खाली सरकवायची. मावशी हसायची. "तुज्या गावाला काय अत्तराचा नाला वाहतो का?"

या मावशीनंच मला तापात उकडा तांदूळ शिजवून घातला. तिचं मी ऐकायची.

गेल्या वर्षी वरचा डावा दात दुखायला लागला, सुळ्याच्या शेजारचा. चहाचा घोट गेला की करंट बसल्यासारखं व्हायचं. मावशीनं माझं तोंड उजेडाकडं वळवून बघितलं.

"वरचा हाय ना? मग हात नको लावू देऊ कुनाला. वरच्या दाताची नस डोल्याला जाते. शेजारच्या दांडी गावच्या एका बाईनं दात काढला नं तिचा डोला गेला."

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बनारसकडची एक बाई बसते. ती म्हणाली, "दीदी, रूट कनाल तो बिलकुल मत करवाना. दाँत मुर्दा हो जाता है. मुँह में लाश लेके घूमोगी."

त्या दिवशी डबा तसाच परत नेला. आधी किडे, आता वर मढं. माझं तोंड म्हणजे काय मसणवटा आहे का?

पण दुखण्यानं लक्ष लागेना. दोन तागे मी चांगले म्हणून सोडले आणि ते परत आले. सुपरवायझरनी ते माझ्याच टेबलावर आणून ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला सोसलं नाही. संध्याकाळी मी बोईसरच्या बाजारात एका माडीवरच्या दातांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. मी म्हणाले, "मॅडम, दात काढू नका. फक्त कीड काढा."

"हो, कीडच काढते," त्या म्हणाल्या. "दात वाचेल. आतून कॅनल साफ करून घेऊ."

कीड काढते म्हणाल्या, म्हणून मी खुर्चीवर बसले. कॅनल म्हणजे आमच्याकडं धरणाचं पाणी शेताला नेणारा कालवा. त्यातून फुगलेलं कुत्रं वाहत आलेलं मी पाहिलं आहे. तसलंच काही दातात असणार, असं मनात आलं.

मला वाटलं होतं, किंचाळावं लागेल. तसं झालं नाही. सुई टोचली तेवढीच, मग अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. दुखलं नाही, पण जळक्या हाडाचा वास आला आणि जिभेवर कडू पाणी साचत राहिलं. बऱ्याच वेळानं मॅडमनी एका बारीक सुईला गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढून कापसावर ठेवलं. लालसर, ओलं, दोऱ्याएवढं.

"निघाला किडा?" मी बधिर तोंडानं विचारलं.

"किडा नाही ताई. नस आहे, दाताच्या आतली."

"पण लहानपणी माझे निघाले होते. रिंगणीच्या बियांच्या धुरानं."

मॅडम हसल्या नाहीत. "ते बियांच्या आतले कोंब. बी तापून तडकलं की कोंब उडून पाण्यात पडतात. तुमच्या तोंडात कधीच किडे नव्हते. दात सडतो, त्यालाच आपण कीड म्हणतो."

एवढी वर्षं जे वागवलं ते खोटं होतं, हे ऐकून मी रडायला हवं होतं, नाहीतर हसायला. पण माझ्या कानात एकच शब्द घुसला होता. नस. वरच्या दाताची नस यांनी उपटून कापसावर ठेवली. दात तात्पुरता बुजवला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. मी मान हलवली. खाली रस्त्यावर आले आणि उजवा डोळा झाकून डाव्यानं दुकानांच्या पाट्या वाचत रिक्षापर्यंत गेले.

पुढच्या आठवड्यात मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुखत नव्हतं, मग कशाला? मावशी म्हणाली, "रायला ना दुकायचा? मग झाला." बुजवलेलं एक दिवस भाकरीबरोबर निघालं, ते मी गिळलं बहुतेक. दातात भोक पडलं. जीभ तिकडं गेली की कुजल्या कांद्यासारखी चव यायची. तरी गेले नाही.

एका सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. आरशात पाहिलं. गाल तट्ट फुगलेला, नाकाची कड पुसली गेलेली, पापण्या सुजून एकमेकींना चिकटलेल्या. मी आरसा पालथा घातला.

"गेला," मी मावशीला म्हणाले. "नस काढली त्यांनी. डोळा गेला."

मावशीनं मासळीची टोपली तशीच सोडली, मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात जाऊन मॅडमसमोर उभी राहिली. "ओ डॉक्टरबाय! तुमी हिची नस उपटली नं हिचा डोला गेला. आता हिला पोसल कोन?"

मॅडमनी मला बसवलं. दोन बोटांनी पापण्या हळूच फाकवल्या, उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

"किती बोटं?"

"तीन," मी म्हणाले.

"आता?"

"एक. नखाला लाल रंग आहे, कडेला निघालाय."

"डोळा ठीक आहे. सूज दाताची आहे, पापणीपर्यंत चढली. दाताची नस डोळ्याच्या नसेला जोडलेली नसते. काम अर्धं राहिलं, उघड्या दातात घाण गेली. तुम्ही आला का नाहीत, ताई?"

मी मावशीकडं पाहिलं. मावशी म्हणाली, "मग आमच्या दांडीच्या बाईचा डोला कसा गेला?"

"वय काय होतं त्यांचं?"

"असल सत्तर."

"मोतीबिंदू होता?"

"व्हता. तो पन व्हता," मावशी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मॅडमनी दात उघडला. पुढचं सांगायलाही नको वाटतं. आधी दाब सुटला, मग जिभेवर कोमट, खारट, दाट असं काही पसरलं आणि खोलीभर वास सुटला. भांड्यात मी थुंकले ते पिवळं, रक्ताच्या रेघा असलेलं, चिकट. तार तुटेना. जन्मभर मासळीत हात घातलेल्या मावशीनं पदर नाकाला लावला.

"बाय बाय बाय! सडलेल्या बोंबलाला पन असा वास नाय!"

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र तोंडाजवळ वाकून शांतपणे धूत राहिल्या, पुन्हा पुन्हा. माझ्या घाणीला एवढ्या जवळून कुणी हात लावला नव्हता. मायनंसुद्धा नाही. मुर्दा दाताचं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आतली नस गेली तरी दात बाहेरून हिरडीत आणि हाडात धरलेला असतो. मढं काय असं धरून बसतं का?" मग गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या तारखा एका कागदावर मोठ्या आकड्यांत. त्यातली एकही मी चुकवली नाही.

चार दिवसांनी डोळा पुरता उघडला आणि मी टेबलावर गेले. मॅडमचं पटलं होतं, तरी धीर नव्हता. कापड सरकू लागलं तशी मी उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं, मग डावा मिटून उजव्यानं, मग परत.

सुपरवायझर मागं येऊन उभे होते. "काय हो बाई, सुट्टीवरून आलात आणि कापडाला डोळा मारताय?"

सगळी टेबलं हसली. मी उजवा डोळा मिटलेलाच ठेवला आणि कापडावर बोट टेकवलं. "थांबवा. इथं तार तुटलीय." ते वाकले, चष्मा वर केला, खाली केला, आणि त्यांना ती शोधायला बराच वेळ लागला.