शेन मास्तरांचा गोड कागद

"रंग बोलेल, आपण मध्ये बोलायचं नाही," हे शेन बाओगन मास्तरांचं कायमचं वाक्य. नदी समुद्राला मिळते तिथल्या तालुक्याच्या इस्पितळात, मागच्या खोलीत, तीस वर्षं ते यकृताचे तुकडे मेणात बसवून त्यांचे काप काढत आले. केसाहून पातळ काप. कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद उचलायचा, रंग द्यायचा. या भागात यकृताच्या कर्करोगानं इतकी घरं रिकामी केली, की म्हातारी माणसं मक्याची पेज अजूनही, मक्याला रोगाची बुरशी धरली नाही ना, हे आधी हुंगून मग पितात.

त्या खोलीतून प्रत्येक रोग्यामागे दोन कागद निघत. खरा घरच्यांना, गोड रोग्याला. गोड कागदाचा मजकूर मास्तरांनीच तरुणपणी बसवला होता: 'साधी गाठ. पूर्ण काढली. जेवण सांभाळा, राग करू नका.' काळजी करू नका असं लिहिलं, की माणूस तिथूनच काळजीला लागतो; म्हणून राग.

या वसंतात मास्तरांचीच गाठ निघाली. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. लेक लान शहरातून रजा टाकून आली. टाके सुकल्यावर तिनं कागद वाचून दाखवला.

"ऐका बाबा. साधी गाठ. पूर्ण काढली. जेवण सांभाळा, राग करू नका."

"राग?" मास्तर म्हणाले.

"हो, राग! तुमचा स्वभाव डॉक्टरांनाही कळला म्हणायचा." लान हसली, जरा जास्तच.

मास्तरही हसले. "मग आता शेजारच्या कोंबड्याला शिव्या बंद."

ते वाक्य कुणाचं, हे लानला ठाऊक नव्हतं. कागद लिहिणाऱ्या जुहुआला ठाऊक होतं. पण मास्तरांच्या हाताखाली बारा वर्षं तेच लिहून तिचा हात बसला होता.

सातव्या आठवड्यात मास्तर कामावर गेले.

"आलात? मला वाटलं, घरी अंडी उबवत बसलात," जुहुआ म्हणाली. तिनं चहा पुढं केला, पण नजर काही वर केली नाही.

गाठ कसली ते त्यांना कळलंच होतं. दिवस किती, ते जाणून घ्यायचं होतं. रंग फिका निघाला तर लानला सगळं सांगायचं आणि दोघांनी मिळून त्या कागदाला हसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

जुहुआ जेवायला गेल्यावर त्यांनी चहाचा रिकामा डबा उघडला. ओळखीच्यांच्या मेणाच्या वड्या तिथं लपवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. आत एकच वडी होती, त्यांचीच. पहिला काप फाटला. दुसरा नीट आला. त्या दिवसाच्या अकरा काचांत त्यांनी बारावी सरकवली.

अंगातले पहारेकरी गाठीवर धावून आले, की गाठ एक प्रथिन पुढं करते, आणि पहारेकरी तिला घरचीच समजून माघारी फिरतात. मास्तर रंगवत ते हेच प्रथिन. तपकिरी जितकं दाट, तितका रोग बहुधा लवकर परततो. नेहमीच नाही; पण मास्तरांनी पुष्कळ काचा पाहिल्या होत्या.

"आज अकराच होत्या ना?" संध्याकाळी जुहुआनं विचारलं.

"एक जुनी राहिली होती."

मास्तरांनी डोळा भिंगाला लावला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, खूप उकळलेल्या चहासारखं तपकिरी. त्यांनी काच पुसली, पुन्हा लावली. तेवढंच तपकिरी.

फाटकाशी लान उभी होती.

"उशीर केलात. काम फार होतं?"

"एक काच जास्त होती."

"काय निघालं?" लहानपणापासून ती रोज हेच विचारायची.

मास्तरांनी टोपी नीट केली. "साधी गाठ."

"बरं झालं बिचाऱ्याचं."

"हो. तू बसनं पुढं हो. मी बांधावरून येतो."

"एकटेच?"

"एकट्याला राग येत नाही, बघ. डॉक्टरांनीच सांगितलंय."

बांधाच्या दोन्ही अंगांना वालपापडी फुलली होती. मास्तर सावकाश चालत गेले, मागं न पाहता. लान फाटकाशीच उभी राहिली. खरा कागद तिच्या पिशवीच्या अस्तरात शिवलेला होता. आणि वरच्या खिडकीतून, बारावी काच हातात धरून, जुहुआ पाहत होती.