कोरडं अंथरूण

माझी नात पहिलीत गेली तरी अंथरूण ओलं करायची. सून रोज सकाळी गोधडी धुवायची आणि करवादायची. येरवड्यात आमची एकच खोली, वाळत घालायची दोरी दारातच. सगळ्या वस्तीला कळायचं.

थंडीत पोरीला ताप आला. खोकला, घसा, सगळं. औषधाने उतरला. पुढे एका सकाळी अंथरूण कोरडं निघालं. सून म्हणाली, "शहाणी झाली गं माझी बाय!" मुलगा मार्केट यार्डात हमाल आहे, त्याने येताना चिकू आणले. पोरीने तोंड लावलं नाही. पोट दुखतं म्हणत पडून होती. उभी केली तर पाय दुमडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "लघवी कधी केली हिने?"

दिवसभरात ती मोरीकडे गेलीच नव्हती. नळी घातल्यावर लघवीने पिशवी भरली. बाई म्हणाल्या, तापाच्या विषाणूनंतर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे, मेंदूचा निरोप खाली पोचत नाही.

सून म्हणाली, "सकाळीच आणली असती तर?"

"ते कुणीच सांगू शकत नाही."

खोटा धीर दिला नाही, ते बरं केलं.

पायात जोर आला. पायांना आधाराचे पट्टे लावून चालते. लघवी मात्र आपली आपण होत नाही, ठरल्या वेळी नळीने काढावी लागते. सून खराडीला कँटीनमध्ये पोळ्या लाटते, म्हणून मधल्या सुट्टीत शाळेत मी जाते.

तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आजी, रोज कशाला हेलपाटा? डायपर घाला ना."

"अहो बाई, गळत नाही, तुंबतं. मोरी तुंबली तर आपण तिला लंगोट बांधता का?"

तेव्हापासून मागची खोली उघडून देतात.

परवा तिथे पोरीने विचारलं, "आजी, तू मेल्यावर कोण काढणार?"

"तुझी तू. दवाखान्यातल्या सिस्टरने आपल्या दोघींना शिकवलंय."

"मला नाही येत."

"मग मी काय मरायची थांबू?"

हात धुवायला लावले आणि नळी तिच्या हातात दिली. ती रडायला लागली. नळी जमिनीवर पडली.

मी दुसरी नळी काढली आणि तिला पुन्हा हात धुवायला पाठवलं.