घोडा मागणारं प्यादं

तुरीचं पोतं मी वरून कधीच बघत नाही. हात थेट तळाशी घालतो, कारण खडे तिथंच असतात. राजेश्वरात अडतीचं दुकान चालवून हा स्वभावच झालाय आणि मोबाइलवरचं तीन मिनिटांचं बुद्धिबळही मी त्याच स्वभावानं खेळतो. समोरचा लबाड आहे, असं धरूनच बसायचं.

दुपारी तीनला बाजार सुस्तावला की एक जण रोज माझ्याकडं डाव मागायचा. फोटो नाही, नावाच्या जागी नुसते आकडे. मीही खोट्याच नावानं खेळतो, तो भाग वेगळा. त्याचा खेळ विचित्र होता. प्यादी पहिल्या चालीलाही दोन घरं जायची नाहीत, मुंग्यांसारखी एकेक घर सरकायची. राजाला हत्तीआड लपवणारा किल्लेकोट तर कधीच नाही. ती प्याद्यांची भिंत फोडण्यात माझी दोन मिनिटं जायची आणि त्याची चाल सेकंदात यायची. शेवटी माझ्याकडं सोंगट्या उरायच्या, वेळ उरायचा नाही.

तेही सोसलं असतं. पण एकदा त्याचं प्यादं पटाच्या टोकाला पोचलं आणि फुकटचा वजीर मिळत असताना पठ्ठ्यानं घोडा घेतला! दुसऱ्या दिवशी कडेच्या पट्टीत हत्ती. एक तर हा मला खिजवतोय, नाहीतर शेजारी संगणक ठेवून त्याच्या चाली खेळतोय. माझं डोकंच फिरलं. मी ॲपवर तक्रार केली, शेजारच्या तीन दुकानदारांनाही करायला लावली. आठवड्यानं त्याचं खातं बंद झालं. मी खुशीत साऱ्यांना चहा पाजला.

त्या रविवारी मैलूरला अक्काकडं गेलो. माझी थोरली बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दोन महिने खाटेवरच होती. मला बघताच तिनं मोबाइल पुढं केला.

"बघ की रे, ह्यो मला आत घेईना झालाय. चोरी करायलीस म्हणतोय. मी कामून चोरी करू?"

पडद्यावर तेच आकडे होते. मी ते दोनदा वाचून बघितले. तरी संशय सुटेना.

"वजीर सोडून घोडा कामून घेतलास, अक्का?"

"घोड्याच्या पट्टीत प्यादं गेलं की घोडाच व्हतंय न्हाई का? अप्पांनी तसंच शिकवलंय. इसरलास व्हय?"

विसरलो होतो. देशी डावात किल्लेकोट नसतो, प्यादं एकेकच घर चालतं आणि ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचतं, तेच होतं. अप्पांसमोर, म्हणजे आमच्या वडिलांसमोर, एकाच पटावर आम्ही दोघं हे शिकलो. पुढं मी कलबुर्गीच्या कॉलेजात नवे नियम उचलले. तिला कुणी कॉलेजात घातलंच नाही.

"एक जण रोज तीनला भेटायचा," ती सांगू लागली. "घोडा अगदी अप्पावानी फिरवायचा. त्याच्यासंगं खेळलं की पाय दुखायचं ध्यानात ऱ्हायचं न्हाई. आता त्यो मला चोरच समजला असंल."

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडं रोखून बघू लागली.

"पण मी घोडा घेतला, हे तुला कसं ठावं?"

मान वर करायची लाज वाटली. "तक्रार मीच केली, अक्का."

तिनं कपाटाकडं बोट करून अप्पांचा पट काढायला लावला. मी सोंगट्या मांडल्या. पहिली चाल करण्याआधी तिनं हात पुढं केला, माझा मोबाइल मागून घेतला आणि आपल्या उशीखाली ठेवला.