सामाईक भिंत

तरे सरांचा आणि माझा पहिला परिचय फारसा बरा झाला नाही. मुख्याध्यापिका म्हणून शाळेत रुजू झाल्यावर मी त्यांचा आठवीचा तास पाहायला बसले. विषय होता त्रिकोणांची एकरूपता. फळ्यावरचे दोन्ही त्रिकोण इतके वाकडे होते की एकरूप सोडा, ते एकमेकांचे नातेवाईकही वाटेनात.

तास संपल्यावर मी विचारले, "सर, वर्गात पट्टी नाही का?"

"आहे, बाई. मुद्दाम वापरत नाही. सुबक काढलं की पोरं नुसतं बघून एकरूप म्हणतात. वाकडं काढलं की पक्षात काय दिलंय ते वाचतात, कारण शोधतात."

राहनाळहून सायकलने येणारा हा माणूस नुसते 'दिसते' म्हणून काहीच मानत नसे. सिद्धतेत डावीकडे विधान, उजवीकडे कारण. उजवी बाजू रिकामी ठेवलेली त्यांना वहीत चालत नसे आणि शिक्षकांच्या बैठकीतही चालत नसे. माझ्याशी याच कारणावरून त्यांचे अनेकदा वाजले.

एका वार्षिक परीक्षेत मात्र त्यांच्या या हट्टावर दोन मुलींची शाळा टिकली. संगीता आणि नसीम, दोघी नारपोलीच्या, परीक्षेत पुढेमागे बसलेल्या. सामाईक बाजूचे कारण देताना दोघींनीही लिहिले होते, 'सामाईक भिंत'.

पेपर तपासणारे सहकारी म्हणाले, "चूकसुद्धा एकच. अजून काय पुरावा पाहिजे?"

निर्णय माझ्याकडे होता, आणि कॉपीला शून्य हा माझा नियम सगळ्यांना ठाऊक होता. संगीताच्या वडिलांनी बजावले होते की यंदा नापास झाली तर शाळा बंद. नसीमच्या घरीही वेगळे काही घडले नसते.

तरे सर म्हणाले, "दोन उत्तरं सारखी आहेत, हे विधान झालं. कारण अजून मिळालं नाही."

त्यांनी नसीमला व्हरांड्यात थांबवले आणि संगीताला नवी आकृती काढून दिली. अक्षरे बदललेली, त्रिकोण नेहमीसारखे वाकडे. तिने बाबाबा कसोटीने सिद्धता नीट लिहिली आणि कारणात पुन्हा 'सामाईक भिंत' लिहिले.

"ही भिंत कुठनं आली गं?"

"सर, माझी न् नसीमची खोली लागून हाय. मधी एकच भिंत. नसीम बोलली, इकडनं मोज नायतर तिकडनं, भिंत तेवढीच. तशीच ती बाजू. दोन्ही त्रिकोणांची."

मग नसीम आत आली. तिनेही आकृती सोडवली, लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "सर, इथे बाजू लिहायचं ना? घर में हम लोग भिंतच बोलतो."

सर माझ्याकडे वळले. "बाई, कारण मिळालं."

दोघी पास झाल्या. अर्धा गुण मात्र सरांनी स्वतः कापला. "भिंत घरी. पेपरात बाजू," एवढेच ते मुलींना बोलले. जाताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो मी पाहिला.

पुढे माझी आई गेली, तेव्हा सांत्वनाला पुष्कळ माणसे आली. तरे सर आले आणि माझ्या टेबलावरचा न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा उचलून घेऊन गेले. मी शाळेत परतले तेव्हा तो तपासून, नीट बांधून कपाटात ठेवलेला होता. त्याविषयी त्यांनी कधी शब्द काढला नाही. मीही काढला नाही. आज काढते आहे.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ काढायची कल्पना संगीता आणि नसीम यांचीच. लेख मागायला दोघी एकत्रच आल्या होत्या. अजूनही एकीचे वाक्य दुसरी पुरे करते.

तरे सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. शुभेच्छेला कारण लागत नाही असे कोणी म्हणेल. त्याने ते सरांसमोर म्हणून दाखवावे. मी उजवी बाजू रिकामी ठेवणार नाही. सर कुणाचे शिक्षक, कुणाचे शेजारी, माझे सहकारी. ज्याने त्याने आपल्या बाजूने मोजून पाहावे, माणूस तेवढाच भरतो.

कारण : सामाईक भिंत. अर्धा गुण खुशाल कापा, सर.