माणूस आला

धान निघालं की तळ्याखालच्या शेतातल्या बांध्या रिकाम्या व्हायच्या आणि आम्ही सात-आठ जणी तिथं फुटबॉल खेळायचो. मोहाडीच्या शाळेत मॅडम शिकवायच्या, पण मैदान आम्हाला अर्धाच तास. पुढचा सगळा वेळ मुलांचा. म्हणून ही चोरी. एकजण शेताच्या उंच धुऱ्यावर पहारा द्यायची. लांबून कोणी बाप्या दिसला की ओरडायची, "माणूस आला!" जिच्याजवळ चेंडू असेल तिनं तो उचलून तणसाच्या ढिगात खुपसायचा आणि सगळ्यांनी खाली वाकून सांडलेल्या लोंब्यांचा सरवा वेचायला लागायचं.

बाकीच्या हसत वाकायच्या. मी भित्री भागूबाई, सगळ्यांत आधी वाकायचे. बाबांना कळलं तर शाळासुद्धा सुटेल, असं मनात पक्कं बसलं होतं. तसं ते कधी बोलले नव्हते म्हणा. पण चुलत बहिणीला भर रस्त्यात सायकलवरून उतरवताना त्यांचा आवाज मी ऐकला होता, तेवढा मला पुरे होता.

जिल्ह्याची निवड चाचणी भंडाऱ्याला होती. घरी मी 'शाळेचा कार्यक्रम' एवढंच सांगितलं. मैदानाभोवती माणसंच माणसं आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल.

चेंडू पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा माझी पाठ गोलकडे होती. आमच्याच बाजूची, पण दुसऱ्या शाळेची एक मुलगी मागून किंचाळली, "माणूस आला!" तुझ्या मागं समोरच्या संघातलं कोणी आहे, सांभाळ, असं सांगायला तिच्या सरांनी शिकवलेली ती हाक होती. मला काय ठाऊक? मी चेंडू दोन्ही हातांनी उचलला, जर्सीत कोंबला आणि मंडपाच्या कनातीमागं पळाले. शिट्टी वाजली, सगळं मैदान हसायला लागलं, आणि मी तिकडं वाकून गवत वेचत होते.

निवड करणाऱ्या बाई मागोमाग आल्या. मी रडत रडत खरं काय ते सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. चार पावलं मागं सरून त्यांनी चेंडू माझ्या अंगावर फेकला, मी धरला. मग जोरात, आणखी जोरात. एकही सुटला नाही. "गोलकीपर हो," त्या म्हणाल्या.

आमच्या शाळेच्या पाच जणी निवडल्या गेल्या. हातात फॉर्म दिला, त्यावर वडिलांची सही हवी. घरी पोचले तर बाबा छपरीत बसलेले, आणि मोबाईलवर मी जर्सीत चेंडू घेऊन पळत होते.

"तूच आहेस नं हे? कायले पळून राहिली होती?"

"माणूस आला म्हणलं कोणीतरी."

"कोणता माणूस?"

'तुमी' हा शब्द काही तोंडातून निघेना. त्यांनी फॉर्म घेतला, दोनदा वाचला. मला आत पळून जावंसं वाटत होतं.

"हापपँट घालाव लागते?"

"गोलकीपरले फुलपँट चालते, बाबा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पुन्हा सांगावं लागलं.

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर सहीचा एकच फॉर्म होता, माझा. बाकी चौघींच्या घरीही तोच हापपँटचा प्रश्न विचारला होता. त्या चौघी माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या खेळायच्या. पण त्या गोल करणाऱ्या होत्या.