ऑक्सिजनचा अर्थ सांगितला आणि निंब गेला

रिटायर्ड विज्ञान शिक्षकाच्या हाती माईक देऊन ‘सर, दोन शब्द बोला’ म्हणायची पद्धत ज्याने काढली, तो मला एकदा भेटायला हवा.

सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीची मीटिंग होती. कोपऱ्यावरचा निंब तोडायचा की ठेवायचा, एवढाच विषय. सेक्रेटरीला नवी गाडी लावायला ती जागा हवी होती. तोंडाने मात्र ‘पाल्यानं नाली तुंबते’ म्हणायचा. निंबाखाली इस्त्रीवाल्या बाईचा ठेला. वर्ध्याचं ऊन, हातात कोळशाची इस्त्री. सावली गेली की धंदा गेला. सकाळीच ती म्हणाली होती, “सर, तुम्ही शिकलेले. माह्याकडून बोलजा.”

‘झाड ऑक्सिजन देतं’ एवढं म्हणून मी खाली बसायला हवं होतं. शेंबडं पोरही तेवढं सांगतं. पण जन्मभर खडू खाल्लेला माणूस तेवढ्यावर थांबतो होय!

“ऑक्सिजन या शब्दाचा अर्थ कोण सांगेल?” मी विचारलं. मग काय, सुटलोच. “ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे आंबट, जेन म्हणजे जन्म देणारा. ऑक्सिजन म्हणजे आम्ल निपजवणारा! नाव ठेवणाऱ्याला वाटलं, प्रत्येक आम्लात हा वायू असणारच. साफ चूक! हायड्रोक्लोरिक आम्लात तो औषधालाही नाही. चूक कळेपर्यंत नाव रुळलं होतं. आपण मात्र त्याला प्राणवायू म्हटलं, आणि...”

त्या ‘आणि’च्या पुढे निंब होता. तिथवर मला पोचूच दिलं नाही.

“म्हंजे सर, हे झाड आम्ल सोडून राह्यलं?” सेक्रेटरी म्हणाला. “तरीच म्हटलं, माह्या गाडीचा कलर काऊन उडून राह्यला!”

सगळे खो खो हसले. मीही हसलो, गाढव! हशा ओसरायच्या आत त्याने मतदान उरकलं. झाड आम्ल सोडत नाही, हे त्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. तरी हात वर झाले, आणि तेही त्याच निंबाखाली कडक इस्त्री होऊन आलेल्या बाह्यांतले. आठवलं की अजून डोकं भणभणतं. यांना निर्लज्जपणाला पांघरूण हवं होतं, ते मी ग्रीकमधून विणून दिलं.

निंब पडला त्या दिवशी बाई ठेला ढकलत माझ्या गेटवर आली.

“काय सर, मले वाचवाले गेलते का शिकवाले?”

मी पोर्चमधली कार रस्त्यावर उन्हात काढली आणि तिचा ठेला आत घेतला. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी हजर.

“सर, रेसिडेन्शियल एरियात धंदा चालत नाई.”

“मग हा शर्ट इथंच काढा आणि चुरगळून घाला!” मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की समोरच्या खिडक्या उघडल्या.

इस्त्रीवरची राख फुंकत बाईने मलाच दटावलं, “हळू बोला सर. गिऱ्हाईक हाय थे.”