कुंभारीच्या मावशीचा काढा

कुंभारी गावच्या त्या औषधवाल्या मावशीवर मी जळायचे, हे आज लिहूनच टाकते. मी सोलापुरात एका दवाखान्याच्या गुप्तरोग विभागात समुपदेशक. बायका यायच्या, नवरे यायचे नाहीत. एकट्या बायकोवर उपचार केले की रोग पुन्हा घरात. मी चिठ्ठ्या देऊन, फोन करून थकले. एक फिरकेल तर शपथ. मावशी मात्र जोडप्याशिवाय काढाच देत नसे. दोघांनी तिच्या अंगणात, तिच्यादेखत प्यायचा आणि एकवीस दिवस वेगळं निजायचं. भलेभले मिशीवाले मुकाट्यानं पीत.

एकदा कुंभारीचीच एक शेतमजूर बाई आली, पाच महिन्यांची गरोदर. काही महिन्यांपूर्वी झालेली जखम मावशीच्या काढ्यानं गेली म्हणाली. मी सांगितलं, सिफिलिसची जखम काहीही न करता सुकते. जंतू रक्तात राहतो, बाळापर्यंत पोचतो. तिला पटेना. रक्त तपासलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मला चक्क आनंद झाला. मावशी हरली. मग त्या बाईचा हात पोटावर गेलेला दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

"मावशीला इचारल्याबिगर सुई न्हाय घ्यायची," ती म्हणाली.

तिलाच स्कूटीवर मागं बसवून मी कुंभारी गाठली. भांडायच्या तयारीनंच गेले होते. मावशीनं रिपोर्ट हातात धरला, वाचता येत नव्हता तरी बराच वेळ पाहिला.

"जकम गेलेली मला दिसती. रगतातलं कुटं दिसतंय? तुमी सुई द्या, मॅडम. नवऱ्याला मी धाडते."

दुसऱ्या दिवशी दोघंही हजर. त्यानं निमूट टोचून घेतलं. "मावशी म्हनली म्हनून आलो," एवढंच बोलला. आठवड्याला एक अशा बाईच्या तिन्ही सुया वेळेवर झाल्या.

मुलगी झाली, निरोगी. बर्फीचा पुडा घेऊन दोघं आली तेव्हा पुडा आधीच फोडलेला होता. पहिली बर्फी मावशीला देऊन झाली होती. तपासणी माझी, सुया माझ्या, आणि मान तिचा. माझा नुसता जळफळाट झाला.

ती दोघं गेल्यावर पुढची बाई आत आली. तिचाही नवरा यायला तयार नव्हता. तिला सिस्टरकडून सुई देववली, आणि तोंड कडू करून म्हणाले, "आता कुंभारीला जा. मावशीला सांग, नवऱ्याला माझ्याकडं धाड म्हणावं."